आकस्मिक अवकाश

केंद्र सरकारच्या सेवकाला वर्षाकाठी आठ दिवसांची एक रजा मिळते. कचेरीत सर्व जण तिला ‘सी.एल.’ म्हणतात. अर्जाच्या हिंदी नमुन्यावर तिचे नाव ‘आकस्मिक अवकाश’ असे छापलेले असते. आणि महाराष्ट्रातील कचेऱ्यांत तीच रजा ‘किरकोळ रजा’ या नावाने वावरते. एकाच वस्तूची ही दोन नावे किती वेगळी! एका नावात अचानक मोकळ्या झालेल्या आभाळाचा भास आहे, तर दुसऱ्यात खिशातील सुट्या नाण्यांचा खुळखुळाट. वास्तविक ही रजा आकस्मिकही नसते आणि किरकोळही नसते. ती कशी खर्च व्हावयाची हे वर्षारंभीच ठरून गेलेले असते. दोन दिवस मुलांच्या शाळेसाठी, एक दिवस नळवाल्याची वाट पाहण्यासाठी, एक दिवस दाताच्या डॉक्टरसाठी, आणि उरलेले सगळे पाहुण्यांसाठी.

परप्रांती नेमणूक झालेल्या आम्हां मंडळींचा आणि पाहुण्यांचा संबंध मोठा विलक्षण असतो. आपण ज्या शहरात राहतो ते शहर आपण पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहतो. कलकत्त्याला (२००१ सालापासून कागदोपत्री ते ‘कोलकाता’ झाले असले तरी आमच्या घरात अद्याप जुनेच नाव चालते) आम्हांला सहावे वर्ष चालू आहे. या सहा वर्षांत आम्ही व्हिक्टोरिया मेमोरियल अकरा वेळा पाहिले, दक्षिणेश्वरला नऊ वेळा गेलो, आणि कालीघाटची तर गणतीच ठेवली नाही. परंतु यांतील एकही खेप आमची स्वतःची नव्हती. कोणाचे काका, कोणाच्या नणंदा, कोणाचे गंगासागरला निघालेले वृद्ध आईवडील, यांच्या पुढे चालत ‘हे पाहा’, ‘ते पाहा’ म्हणणारे आम्ही. स्वतःसाठी म्हणून या शहरात कोठे जावे, हा प्रश्नच कधी उभा राहिला नाही. ज्या गावातून आज ना उद्या बदली व्हावयाची, त्या गावाशी माणसाचे नाते प्रतीक्षालयासारखे असते. प्रतीक्षालयाच्या भिंतीवर काय रंगविले आहे याकडे कोण पाहतो? सर्वांचे कान घोषणेकडे.

गेल्या डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आमचे दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, नागपूरहून यावयाचे होते. पाहुणे म्हणून नव्हे. आमच्या कचेरीत दरवर्षी बदलीसाठी पसंतीची तीन ठिकाणे लिहून द्यावयाचा एक कागद येतो. तो महिनाअखेर द्यावयाचा होता. आईने सत्तरी ओलांडली आहे. गुडघे चालत नाहीत, आणि नागपूरचे घर सोडून कोठेही जाण्याची तिची तयारी नाही. दादांचे म्हणणे असे की, आता आम्ही परत यावे. शिवाय आमच्या आठ वर्षांच्या कन्येचे मराठी ऐकून ते प्रत्येक वेळी हळहळतात. तिचे म्हणणे असे असते की, ती पाणी ‘खाते’ आणि तिला भूक ‘पावते’. बंगालीत पाणी खातात आणि भूक पावते, हे दादांना किती वेळा सांगितले तरी त्यांचा चेहरा काही उजळत नाही. हे सारे समोरासमोर बसून ठरविण्यासाठी ते येणार होते, आणि त्यांच्यासाठी आम्ही एका दिवसाची रजा मंजूर करून घेतली होती. अर्जात कारण लिहिले होते, ‘घरगुती काम’.

आदल्या रात्री दहा वाजता दादांचा फोन आला. ऐन वेळी काम निघाल्याने त्यांचे येणे आठवड्यावर गेले होते. आम्ही म्हटले, “मग उद्या कचेरीत जाऊन रजा रद्द करून घ्यावी. एक दिवस वाचेल.”

सौ. भांडी आवरीत होती. ती न वळताच म्हणाली, “अहो, वाचवून त्याचे काय करायचे आहे? पुन्हा व्हिक्टोरियालाच जायचे ना?”

या प्रश्नाला कोणत्याही नियमावलीत उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही तिघे घराबाहेर पडलो, आणि पहिली जी रिकामी बस आली तीत चढलो. ती बस शिवपूरकडे जाणारी निघाली. १९९२ साली वाहतुकीस खुला झालेल्या विद्यासागर सेतूवरून हुगळी ओलांडताना खाली नदीवर धुक्याची पातळ साय धरली होती. कन्येने विचारले, “बाबा, आपण कोणाला दाखवायला चाललो?” आम्ही म्हटले, “कोणालाच नाही.” ती थोडा वेळ विचारात पडली. घराबाहेर पडण्याला असे काही प्रयोजन नसू शकते, हे तिला नवीनच होते.

शिवपूरला उतरल्यावर प्रथम एका टपरीवर चहा घेतला. कलकत्त्याच्या चहाचे अर्धे सुख त्या मातीच्या लहानशा भांड्यात असते. इकडे त्याला ‘भाँड़’ म्हणतात. गरम चहा पडताच त्या मातीला पहिल्या पावसाचा वास सुटतो. दोन घोटांत चहा संपतो, आणि मग ते भांडे फेकून देताना जीव थोडा हळहळतो. सौ.ने आपले भांडे पुसून पिशवीत टाकले. कशासाठी, ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

तेथून वनस्पती उद्यान जवळच आहे. १७८७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील कर्नल रॉबर्ट किड याने ही बाग वसविली. हेतू निसर्गप्रेमाचा नव्हता. मसाल्याची झाडे, जहाजबांधणीसाठी साग अशा किफायतीच्या गोष्टी येथे लावून पाहाव्यात असा व्यापारी हिशेब होता. पुढे १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग बागेचा प्रमुख झाला आणि या भूमीवरील झाडाझुडपांची शास्त्रीय नोंद, त्यांची चित्रे, वाळवलेले नमुने यांचे काम येथे पद्धतशीर उभे राहिले. २००९ पासून बागेला आचार्य जगदीशचंद्र बसूंचे नाव आहे. पावणेतीनशे एकरांच्या आसपास पसरलेल्या त्या हिरवळीत आत शिरल्यावर हावड्याचा गोंगाट कोठल्या कोठे राहतो. कडेने हुगळी वाहत असते, मधूनच एखादी नौका भोंगा वाजवीत जाते, आणि उंच ताडांच्या रांगांतून वाटा फुटत जातात.

आमच्या कन्येला सर्वांत आवडले ते ‘पागल’ झाड. या झाडाची दोन पाने एकमेकांसारखी नसतात. कोठे लांबट, कोठे कातरलेली, कोठे वाकडीतिकडी. तिने खाली पडलेली पाने गोळा करून सारखी जोडी शोधण्याचा उद्योग अर्धा तास केला. अखेर कंटाळून ती म्हणाली, “हे झाड शाळेत गेले नाही वाटते.” आम्ही मनात म्हटले, कचेरीतही गेलेले दिसत नाही.

नंतर आम्ही त्या सुप्रसिद्ध वडापाशी आलो. या वडाची कीर्ती आम्ही ऐकून होतो, परंतु ऐकणे आणि त्याच्यासमोर उभे राहणे यांत अंतर आहे. झाड पाहावयास जावे आणि समोर अरण्य दिसावे, असे काहीसे होते. अडीचशेहून अधिक वर्षांचे हे झाड; साडेचार एकरांवर त्याचा विस्तार, आणि जमिनीत रुजलेल्या पारंब्या तीन हजारांहून अधिक. या सगळ्यात मूळ बुंधा मात्र नाही. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत झाडाच्या मोठ्या फांद्या मोडल्या, उघड्या लाकडाला बुरशी लागली, आणि तो रोग पसरू नये म्हणून १९२५ साली बुंधा कापून काढावा लागला. त्याला आता शंभर वर्षे झाली. झाड उभे आहे, आणि पसरत आहे. पूर्वी त्याच्या भोवताली सुमारे ३३० मीटर घेराचा एक रस्ता केला होता. झाडाने तोही ओलांडला. २०२० च्या मे महिन्यातील अम्फान वादळात बागेतील शेकडो झाडे कोसळली, या वडालाही इजा झाली. तरी त्याची पालवी चालूच आहे.

सौ. बराच वेळ त्या कुंपणापाशी उभी होती. मग म्हणाली, “याला वटपौर्णिमेचा दोरा गुंडाळायचा म्हटला तर कुठे गुंडाळायचा हो?”

प्रश्न अगदी रास्त होता. आमची आई गेली पन्नास वर्षे नागपुरात एकाच वडाला सूत गुंडाळीत आली आहे. गेल्या वर्षी तिला तिथवर चालवले नाही, तेव्हा तिने कुंडीतल्या फांदीची पूजा करावयास नकार दिला. फांदी म्हणजे झाड नव्हे, हे तिचे ठाम मत. त्या वडाला एक बुंधा आहे, एक पार आहे, एक ओळखीची बाजू आहे. या वडाला समोरची बाजूच नाही. कोठूनही पाहिले तरी आपण त्याच्या कडेलाच असतो. सौ.ने मनाशी हिशेब करून सांगितले की, सात फेरे घालावयाचे तर सव्वादोन किलोमीटरांच्या वर सूत लागेल. कन्या म्हणाली, “मग एकेकीने एकेका पारंबीला बांधायचा.” सौ. हसली, पण पुढे पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “आईंना हे एकदा दाखवायला हवे होते.” सहा वर्षांत इतके पाहुणे आले, ज्या एका माणसाला शहर दाखवावे असे आम्हांला वाटत होते ते माणूस मात्र कधी आले नाही, आणि आता येण्यासारखेही राहिले नाही.

बागेतून निघालो तेव्हा दुपार झाली होती आणि कन्येला भूक पावली होती. हावड्यावरून पूल ओलांडून आम्ही कॉलेज स्ट्रीटला गेलो. पुस्तकांच्या दुकानांच्या त्या अखंड रांगेत, प्रेसिडेन्सीच्या समोरच्या गल्लीतील एका जुन्या इमारतीच्या जिन्याने वर गेले की कॉफी हाऊस लागते. हे पूर्वीचे अल्बर्ट हॉल. १८७६ साली त्याची स्थापना झाली आणि १९४२ पासून येथे कॉफी मिळू लागली. आज हे उपाहारगृह कॉफी कामगारांची सहकारी संस्था चालविते. उंच छत, त्याला लोंबणारे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथांची मोठी तसबीर, वरती चहूकडून सज्जा, आणि पांढऱ्या पोशाखात फेटा बांधून हिंडणारे सेवक. शेकडो माणसे एकाच वेळी बोलत असल्याने तेथे एक प्रकारचा एकांतच मिळतो.

आम्ही कविराजी कटलेट मागविले, आणि स्वतःसाठी बिनदुधाची कॉफी. तिला येथे ‘इन्फ्यूजन’ म्हणतात. आजूबाजूला जे चालले होते त्याला बंगालीत ‘अड्डा’ हा शब्द आहे. आपल्याकडे अड्डा म्हटला की जुगाराचा किंवा दारूचा, असेच चटकन मनात येते. येथे तो शब्द प्रतिष्ठित आहे. निष्पन्न काही व्हावयाचे नाही, हे ठाऊक असूनही मनापासून केलेले संभाषण म्हणजे अड्डा. ज्यांचा दिवस टिपणी, मसुदा आणि पोच यांत जातो त्यांना या व्याख्येचे मोल अधिक कळेल. दीड तास आम्ही तेथे बसलो. कोणी उठविले नाही.

शेजारच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच वर्तमानपत्र वाचीत बसले होते. आमचे मराठी त्यांच्या कानांवर गेले असावे. त्यांनी विचारले, “आपनारा कोथाकार लोक?” आम्ही महाराष्ट्रातले, म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, “म्हणजे आमच्या सखाराम गणेश देउस्करांचे!” ‘आमच्या’ हा शब्द त्यांनी सहजपणे उच्चारला. देउस्कर घराण्याने मराठी, जन्म देवघर परिसरातला, आणि लेखणी बंगाली. १९०४ साली त्यांनी लिहिलेल्या ‘देशेर कथा’ या पुस्तकाने इंग्रजी राज्यातील लुटीचा हिशेब बंगाली वाचकांपुढे मांडला. १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. १९१२ साली देउस्कर वारले. आमच्या सहा वर्षांच्या मुक्कामात देउस्करांचे नाव काढणारा हा पहिलाच माणूस, आणि तो बंगाली. निरोप घेताना ते मिस्कीलपणे म्हणाले, “आता बागबाजारला जा. तेथे तुमच्या नावाची एक गल्ली आहे. आणि रसगुल्लाही तिथलाच खा.”

गल्ली आमच्या नावाची कशी, ते बागबाजारला पोहोचल्यावर कळले. भिंतीवर नाव होते, ‘मराठा डिच लेन’. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी इंग्रजांच्या साहाय्याने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सुमारे सात मैलांचा बेत होता, त्यांतला तीनच मैल पुरा झाला. मराठे कलकत्त्यावर आले नाहीत. पुढे खंदक बुजला, त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला, आणि आठवण म्हणून या गल्लीला तेवढे नाव राहिले.

आम्ही शाळेत हा इतिहास पराक्रमाचा धडा म्हणून शिकलो. कटकेपर्यंत आपला अंमल कसा पोहोचला, हे सांगताना आमच्या नागपूरच्या मास्तरांची छाती फुगत असे. येथे तीच गोष्ट अंगाईगीतात आहे. पोर झोपत नसेल तर बंगाली आई त्याला बर्गी आल्याची भीती घालते. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा शिपाई. १७५१ च्या तहापर्यंत दहा वर्षे चाललेल्या त्या स्वाऱ्यांत पश्चिम बंगालच्या खेड्यांची जी दैना झाली, तिचे वर्णन गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात लिहून ठेवले आहे. नाव आपले, आणि हकीगत त्यांची.

कन्येला ते अंगाईगीत तोंडपाठ आहे; शाळेत शिकली. तिने विचारले, “बाबा, बर्गी म्हणजे आपणच का?”

आठ वर्षांच्या मुलीला काय सांगावे? आम्ही म्हटले, “हो. आपल्या नागपूरहूनच आले होते.”

“वाईट होते?”

“इथल्या लोकांशी फार वाईट वागले.”

“मग ते इथे आले होते, या गल्लीत?”

“नाही. लोकांनी भीतीने खंदक खणला, पण ते इथवर आलेच नाहीत.”

तिने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. “मग आपणच पहिले आलो,” ती म्हणाली, आणि लगेच मिठाईचे दुकान कोठे आहे याची चौकशी करू लागली.

याच बागबाजारात नवीनचंद्र दासांनी १८६८ साली रसगुल्ला सिद्ध केला, असे बंगाल मानतो. ओडिशाचा दावा वेगळा आहे. अखेर २०१७ साली बंगालच्या आणि २०१९ साली ओडिशाच्या रसगुल्ल्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली आणि दोन्ही घरी दिवाळी झाली. आमच्या दृष्टीने आश्चर्य निराळेच आहे. मराठी घरात दूध नासले की गृहिणीचा सकाळचा आनंद नासतो. येथे सबंध प्रांताची गोडी दूध नासवण्यावर उभी आहे. तापलेल्या दुधात आंबट घालावे, ते फाटले की फडक्यात बांधून पाणी काढावे, आणि जो छाना उरेल तो तळहाताने मऊ होईपर्यंत मळावा. त्याच्या गोळ्या पाकात उकळल्या की रसगुल्ला, आणि साखरेसह कढईत आटवून साच्यात दाबला की संदेश.

हिवाळ्यात मात्र येथे खरा मान ‘नोलेन गुडा’चा. नोलेन म्हणजे नवा. थंडीच्या रात्री खजुरीच्या झाडांना मडकी बांधून ठेवतात, पहाटे रस उतरवितात, आणि तो आटवून हा गूळ करतात. त्याला धुराचा अगदी सूक्ष्म वास असतो. त्या गुळाचा संदेश तोंडात घालताच सौ. म्हणाली, “संक्रांतीच्या गुळाच्या पोळीला हा गूळ चालेल.” परप्रांतीय पदार्थाला मराठी गृहिणी याहून मोठे प्रशस्तिपत्र देऊ शकत नाही. तिने अर्धा किलो गूळ बांधून घेतला. कन्येने चार रसगुल्ले खाल्ले आणि मग पेलाभर पाणी खाल्ले.

दादा पुढच्या आठवड्यात आले. बोलणी झाली. पसंतीच्या कागदावर पहिल्या रकान्यात आम्ही ‘नागपूर’ लिहिले. आईच्या गुडघ्यांपुढे दुसरा विचार नव्हता, आणि त्याबद्दल आमच्या मनात किंतुही नाही. दुसऱ्या रकान्यात पूर्वी आम्ही मुंबई, पुणे असे काही लिहीत असू. या खेपेस ‘कोलकाता’ लिहिले. तिसरा रकाना रिकामाच ठेवला. हुकूम जेव्हा यावयाचा तेव्हा येईल. सौ.ने आतापासूनच सामानाची यादी करावयास घेतली आहे, आणि न्यावयाच्या वस्तूंत त्या शिवपूरच्या मातीच्या भांड्याचा समावेश आहे. दादांनी ते हातात घेऊन विचारले, “हे काय? हे तर फेकून द्यायचे असते ना?”

कन्याच म्हणाली, “नाही काका. हे आजीला दाखवायचे आहे.”